स्टार्टर ओरडला नाही

ताडकळस
१८ फेब्रुवारी २०२५, संध्याकाळ

सिद्धोधन,

जय भीम. तुझ्या वाटणीचा रामरामही मीच म्हणून घेतो. दोन वर्षांत दोघांचं एकट्यानं म्हणायची सवय झाली आहे.

पत्र बघून आठ्या घालू नकोस. माझा नंबर तू बंद करून ठेवलास, त्यामुळे टपालाशिवाय मार्ग उरला नाही. दुसऱ्या कुणाच्या फोनवरून तुला लावता आला असता, पण ज्यानं तोंडावर दार लावलं त्याच्या घरात खिडकीतून शिरायची माझी रीत नाही. भोसरीचा पत्ता तुझ्या आईनं, बायनामावशीनं दिला. तिनं 'कशाला पाहिजे' असं विचारलं, मी सांगितलं नाही.

कळवण्यासारखं विशेष नाही. तरी आपलं पाण्याच्या मोटारी दुरुस्तीचं दुकान सोडून जाताना तू म्हणाला होतास, "स्टार्टरला काही झालं तर मला कळव. आन् तुझ्या मनानं काही करू नको." त्यातलं पहिलं पाळतो आहे.

आज बाजार होता. स्टार्टर, आपलं कुत्रं, आता बारा वर्षांचं आहे, त्याला गर्दी झेपत नाही, पण मटणवाल्याच्या ओट्यापर्यंत जाऊन यायची सवय काही सुटत नाही. परत येताना एका मोटारसायकलनं उडवला. गाडीवर मागे हरभऱ्याचं पोतं आडवं बांधलेलं, पोराला वळण आवरलं नाही. धडक डाव्या अंगाला बसली, शेवटच्या बरगडीच्या जरा मागे. मी दुकानाच्या पायरीवरून डोळ्यांनी बघितलं, म्हणून इतकं नेमकं सांगतो आहे. नाल्याच्या कठड्याला आपटला, उठला, अंग झाडलं आणि स्वतःच्या पायांनी चालत दुकानात आला. ओरडला नाही. एकदाही नाही.

मी सगळं तपासलं. चारी पाय सांध्यापासून नखापर्यंत चाचपले, हाड कुठं मोडलेलं नाही. मागच्या डाव्या मांडीवर खरचटलंय, तिथं हळद भरली. नाकातून, तोंडातून रक्त नाही. छातीला कान लावून ऐकलं, बेअरिंग ऐकतो तसं. ठोका जलद आहे, पण घाबरल्यावर माणसाचाही होतो. भाकरी खाल्ली नाही. पाणी प्यायला.

रुख्मिणी म्हणाली, "आवं, डॉक्टरला दाखवा की." गावातले सरकारी डॉक्टर लसीकरणाला दुसऱ्या गावी गेलेले. आणि दाखवून ते काय सांगणार? मुका मार आहे, म्हातारं जनावर आहे, दोन दिवस पडू द्या. ते मीही सांगू शकतो.

हे पत्र तुला मिळेल तोवर तो उठून मटणवाल्याकडे गेलेला असेल.

दत्ता

ताडकळस
१९ फेब्रुवारी, दुकान उघडायच्या आधी

पाकीट काल पेटीत टाकायचं राहिलं, म्हणून त्यालाच जोडून लिहितो.

स्टार्टर त्याच्या पोत्यावर झोपला नाही. आपण जळालेली वाइंडिंग जिथं सोलतो त्या कोपऱ्यात, ओल्या फरशीवर जाऊन पडला. पडला, उठला, बसला, परत उठला. पोट जमिनीला टेकवत नव्हता. एकदा पांढरा फेस ओकला. सकाळी अजून गारवा असतो, तरी जीभ बाहेर काढून धापा टाकतो आहे. वय झालं की दम लागतोच. मला सुद्धा तीन एचपीची मोटार उचलली की आता टेकावं लागतं.

मध्यरात्रीनंतर त्याला झोप लागली. कशी लागली ते महत्त्वाचं नाही.

मावशी दूध घ्यायला निघाली होती, ती दारात थांबली. कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली.

"दत्ता, ह्याचं पोट असं कशानं झालं रं?"

"वायू हाय मावशी."

"कालपासून तुकडा खाल्ला न्हाई म्हनायलास, आन् वायू कशाचा?"

"तू दूध आन, चहा कर. माझं मी बघतो."

"तू बघतूस तेच भ्याव हाय," म्हणून गेली. बोलणं सगळं तुझ्यावर गेलेलं आहे तिचं, किंवा तुझं तिच्यावर.

पोट जरा मोठं दिसतंय, हे मी मान्य करतो. कुत्रं म्हातारं झालं की पोट सुटतं.

आज गव्हाच्या शेवटच्या पाण्याची घाई आहे, दोन मोटारी दुपारपर्यंत द्यायच्या आहेत. तू असतास तर एक तू केली असतीस. हे तक्रार म्हणून लिहिलं नाही, नुसती माहिती.

परभणी
२० फेब्रुवारी, दुपार

हे जनावरांच्या दवाखान्याच्या ओसरीवर बसून लिहितो आहे. स्टार्टर आत आहे. तुला काल फोनवर कळलंच आहे, पण फोनवर बोललेलं सगळं बरोबर असतं असं नाही, म्हणून पहिल्यापासून लिहितो.

काल अकराच्या सुमाराला मी मोटारीच्या बॉडीत तार भरत होतो. रुख्मिणी भाकरी घेऊन आली. तिनं स्टार्टरला हाक मारली. हाकेला तो शेपटी हलवायचा, ती हलवली, पण नुसतं टोक. उठायला गेला आणि मागचे पाय फाकून खाली बसला. तोंड जमिनीला टेकलं. हातातली तार टाकून मी जाईपर्यंत तिनं फोन लावून कालची धडक सांगितली होती. आमच्या शेळीला इंजेक्शन द्यायला मागच्या वर्षी परभणीहून एक डॉक्टरीण बाई आल्या होत्या, प्रियांका मॅडम, त्यांचा नंबर तिनं जपून ठेवलेला. मला माहीतही नव्हतं. फोन माझ्या छातीवर ठेवला आणि म्हणाली,

"गिऱ्हाइकाची मोटार आली की झाकण उघडल्याबिगर बोलत न्हाईत तुमी. वरून चकाचक असती, आतून जळाल्याली असती, असं रोज सांगता की लोकायला. आन् ह्याचं वरूनच सांगून मोकळे झाले व्हय?"

सिद्धोधन, तीस-बत्तीस वर्षं मी हे काम करतो. सातवीनंतर मला कुणी काही शिकवलं नाही, जळालेल्या मोटारी उकलून शिकलो. पण हे वाक्य माझंच होतं आणि मला सुचलं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "काका, वरचा ओठ उचला. हिरडी कशी आहे?"

"पांढरी."

"पांढरी म्हणजे कशी?"

"धुऊन धुऊन विटलेला पंचा असतो तशी. कडेला राखाडी."

"अंगठ्यानं दाबा, सोडा. रंग लगेच परत येतो का?"

मी दाबली. सोडली. वाट बघत राहिलो. मग ध्यानात आलं, दाबायच्या आधीच रंग नाही तर परत यायचं काय?

"येत न्हाई मॅडम."

"पंजे?"

"गार. कान बी गार."

"पोट?"

"फुगलंय. पण हवेचं न्हाई. एका बाजूनं टिचकी मारली की दुसऱ्या हाताला लाट लागती, पान्यानं भरलेल्या पिशवीसारखी."

पलीकडं त्या म्हणाल्या, "तुम्ही इतकं बरोबर सांगताय काका. काल का नाही फोन केला?"

"काल असं नव्हतं," मी म्हणालो.

परवा मी त्याचा ओठ उचललाच नव्हता. पाय चाचपले, हाडं चाचपली, जे जे मला कळतं ते ते बघितलं. जे कळत नाही ते तपासायचं असतं हे डोक्यात आलं नाही.

त्या म्हणाल्या की आत रक्त वाहत असणार, एक मिनिट घालवू नका. पोटाखाली हात घालून उचलू नका, सपाट फळीवर सरकवा. पांघरूण घाला. पाणी पाजू नका. आणि विचारलं, "घरी काही औषध दिलंय का?"

"न्हाई," मी म्हणालो.

फळी कुठली आणायची? रुख्मिणी माळ्यावरून दुकानाची जुनी पाटी घेऊन आली, आपल्या दोघांच्या नावाची. मी ती भंगारात दिली असं तुला सांगितलं होतं. दिली नव्हती. पत्रा चांगला जाड आहे, मागे सागाची चौकट आहे, वाया कशाला घालवायची. स्टार्टर तिच्यावर बरोबर मावला.

शेजारच्या हरिओमचा छोटा हत्ती टेम्पो सिमेंट उतरवून नुकताच आला होता. मागे हौद्यात मी आणि रुख्मिणी, मधे तो. मावशी पण चढत होती, तिला उतरवलं. तिनं तिची गोधडी काढून त्याच्यावर टाकली. सबंध रस्ता मी त्याच्या तोंडाजवळ हात धरून होतो. श्वास लागत होता हाताला, पण असा, की खड्डा आला की शंका यायची. रुख्मिणी गोधडी सरळ करत राहिली.

दवाखान्यात मॅडमनी पोटात सुई घातली. नुसतं रक्त आलं. शिरेतून पाणी चालू केलं. मशीन लावून बघितलं आणि म्हणाल्या, प्लीहा फाटली असावी, पोट उघडून बघावं लागेल. मग दुसऱ्या सुईत औषध भरायला लागल्या. सुई हातात घेऊन माझ्याकडं वळल्या.

"काका, शेवटचं विचारते. हे दुखण्यावरचं आहे. घरी आधीच काही दिलं असेल आणि त्यावर हे पडलं, तर त्याची किडनी जाईल. पोटात रक्त वाढेल ते वेगळंच. काही दिलंय?"

खोलीत रुख्मिणी होती. हरिओम दारात होता. एक म्हशीवाला त्याच्या कामासाठी आलेला, तोही कान देऊन उभा होता.

मी सांगितलं. रुख्मिणीच्या गुडघ्यांची गोळी. माणसाचं वजन आणि त्याचं वजन यांचा हिशेब करून, चाकूनं कापून, त्याच्या वाटणीची तेवढीच, गुळात घालून दिली. रात्री त्याला धड पडता येत नव्हतं, बघवत नव्हतं. झोप लागली ती त्यानं.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. सुई ट्रेमध्ये ठेवून दिली, कपाटातून दुसरं औषध काढलं. काम करता करताच म्हणाल्या, "वजनाचा हिशेब बरोबर आहे काका. पण ही गोळी कुत्र्याला थोडीसुद्धा चालत नाही. रक्त गोठू देत नाही, किडनीवर बसते. रक्त कमी असलेल्या जनावराला तर अजूनच."

रुख्मिणी फक्त म्हणाली, "माझी गोळी?" आणि बाहेर जाऊन बसली.

मग मॅडमनी विचारलं, "वय बारा. टेबलावरच जाऊ शकतो. करायचं का नाही ते मालकानं सांगायचं. मालक तुम्हीच ना?"

"निम्मा," मी म्हणालो.

त्यांना वाटलं मी गंमत करतो आहे. मी हरिओमला म्हणालो, तुझा फोन दे.

पुढचं तुला माहीत आहे. पण तू कसा बोललास ते मला लिहून ठेवायचं आहे. तू 'कोण' म्हणालास, मी 'मी' म्हणालो. पाठीमागं कारखान्यातल्या मशीनचा आवाज येत होता, एका बेअरिंगला ग्रीस पाहिजे होतं. मग म्हणालास, "स्टार्टर?" मी 'हो' म्हणालो. आणि तू बरा आहेस का, काय झालं, काही न विचारता म्हणालास, "काय दिलंस त्याला?"

अख्ख्या जगात हा प्रश्न पहिला विचारणारा माणूस एकच आहे. राग आला. नंतर बरंही वाटलं.

तू म्हणालास, "उघडा म्हनाव पोट. मी शनिवारी येतो, आधी सुट्टी न्हाई." आणि ठेवताना, "तू तिथंच थांब दत्ता. दुकानाला जाऊ नको."

तिथंच आहे. ऑपरेशन काल संध्याकाळी झालं. प्लीहा काढली, पोटातलं रक्त काढलं. टेबलावर एकदा ठोका हरवला होता म्हणे, परत आला. मला आत घेतलं नव्हतं.

परभणी
२१ फेब्रुवारी

आज लिहायला हात जड झाला आहे. ओसरीवरच्या बाकावर दोन रात्री काढल्या, पाठ लाकडासारखी झाली. रुख्मिणी काल गावाला गेली, घर बघायला कुणीतरी पाहिजे. जाताना माझ्या हातात डबा दिला, त्यातली भाकरी माझ्या आवडीची पातळ होती, पण अजून बोलत नाही.

स्टार्टर डोळे उघडतो. ओळखतो असं वाटतं. पोटावर टाके, पायाला सलाईन. सुईनं काढलेल्या रक्तावर, पंज्यावर, हिरडीवर मॅडमची नजर असते, आता त्यांच्यामागे माझीही असते. हिरडी आज फिकट गुलाबी आहे, कच्च्या पेरूच्या आतल्या रंगाची. दाबली की रंग परत येतो. मी दर थोड्या वेळानं बघतो. त्या काल माझ्यावर रागावल्या, "काका, त्याला झोपू द्या."

पण लघवी नाही. कालपासून एक थेंब नाही. मॅडम म्हणतात जखम आता भरेल, मला काळजी किडनीची आहे. रक्त कमी झालं होतं म्हणूनही असेल, गोळीनंही असेल, दोन्ही मिळूनही असेल. "नक्की कुठलं?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "काका, प्रत्येक गोष्टीचं नक्की उत्तर नसतं."

माझ्या धंद्यात असतं. मोटार जळाली तर कुठला वेढा जळाला ते काळा पडलेला दिसतो. इथं उघडून बघून सुद्धा सांगता येत नाही. तू भोसरीच्या कारखान्यात शिकायला जायचं म्हणत होतास तेव्हा मी म्हणालो होतो, आपल्याला कोण शिकवणार. मोटारीच्या बाबतीत मी अजून तेच म्हणतो. एवढं मात्र लिहून ठेवतो, की प्रियांका मॅडम माझ्या पोरीच्या, रोहिणीच्या वयाच्या आहेत आणि मी त्यांच्याकडून तीन दिवसांत हिरडी बघायला शिकलो.

शेजारी जाळीत एक लंगडं वासरू बांधलंय. त्याचा मालक, दैठण्याचा दिनकरराव, तोही इथंच आहे. काल मला विचारलं, "शिकारी कुत्रं हाय का?" मी म्हणालो न्हाई. "राखनीचं?" राखणीचं पण नाही, चोर आला तर शेपटी हलवतो. "मग काय कामाचं हाय?" मी म्हणालो, भागीदारीतलं आहे. त्याला पटलं. मान हलवून त्यानं मला तंबाखू दिली.

परभणी
२२ फेब्रुवारी, सकाळ

सिद्धोधन, तुझी गाडी परभणीच्या जवळ आली असं मावशीचा फोन आला. तुझी नेमकी जागा तिला कळते आणि मला कळत नाही, चालू दे.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. तू दवाखान्याच्या फाटकात आलास की हातात देतो. तोंडानं मला जमायचं नाही, आणि जमलं तरी मी ते माझ्या बाजूनं वाकवून सांगेन. मला माझी खोड माहीत आहे.

एक राहिलं आहे. फोनवर तू विचारलंस, "कधी लागलं?" मी म्हणालो, "सकाळी." ते खोटं होतं. आदल्या दिवशी दुपारी लागलं. वरची दोन पानं त्याच दिवसांची आहेत, वाचून कळेलच. पाकीट उघडून ती पानं काढून टाकावीत असं दोनदा मनात आलं. काढली नाहीत. पूर्ण एक दिवस तो आतून वाहत होता आणि मी त्याला म्हातारा म्हणत होतो. मुकाट पडलेलं जनावर बरं असतं असं मला वाटलं. मॅडम म्हणाल्या, दुखणं जास्त झालं की कुत्रं आवाज करत नाही, कोपरा शोधतं. त्यानं तो शोधला होता. मी त्याला तिथं बघितलं होतं, तुला लिहिलं होतं सुद्धा.

शिव्या द्यायच्या असतील तर दे. तुझ्या शिव्यांना मी दोन वर्षं मुकलो आहे.

आता सकाळची बातमी. मघाशी मॅडमनी त्याला उभा करून बघितलं. मागचे पाय थरथरत होते. मी एका बाजूनं धरला होता, पोटाला हात न लावता, त्यांनी शिकवला तसा. चार पावलं टाकली, थांबला, माझ्याकडं बघितलं, आणि माझ्या उजव्या चपलेवर बराच वेळ लघवी केली. मी पाय हलवला नाही. मॅडम खाली वाकून रंग बघत होत्या. उठल्या तेव्हा पहिल्यांदा हसताना दिसल्या. म्हणाल्या, "चालू झाली काका. अजून आठवडाभर रक्त तपासायचं, पण चालू झाली."

मी चप्पल धुतली नाही अजून.

तू आलास की हे आधी बाकावर बसून वाच. मग आत ये. न वाचता थेट त्याच्याकडं गेलास तरी मी अडवणार नाही, पण मग मी बाहेर थांबेन. तुझा आवाज ऐकून तो उठायला बघेल, त्याला उठू देऊ नकोस. टाके ओले आहेत. डाव्या बाजूला हात लावू नकोस, उजव्या कानामागं लाव.

तुझा निम्मा,
दत्तराव